टाक

टाक हा दोघांनी खेळायचा बैठा डावपेची खेळ आहे. अमेरिकन लेखक पॅट्रिक रॉथफस यांच्या ‘द वाइज मॅन्स फिअर’ (२०११) या कादंबरीतल्या काल्पनिक जगात तो जुना, सर्वपरिचित खेळ म्हणून येतो. कादंबरीचा नायक क्वोथ सरदारी दरबारात ब्रेडन या वयस्क गृहस्थाबरोबर तो खेळतो. जिंकण्यासाठी आसुसलेल्या क्वोथला ब्रेडन शिकवतो, की डाव देखणा व्हावा यासाठी खेळायचे असते. कादंबरीत पूर्ण नियम मात्र नाहीत. ते खेळरचनाकार जेम्स अर्नेस्ट यांनी रॉथफस यांच्या साथीने बसवले आणि २०१६ मध्ये लोकवर्गणीतून खेळ प्रत्यक्षात आला. आधी कीर्ती आणि मग नियम, अशा उलट्या क्रमाने आकाराला येऊनही तो अस्सल जुन्या खेळासारखा वाटतो, हे रचनाकाराचे मोठेच यश आहे.

चौरस पटाच्या समोरासमोरच्या दोन कडा आपल्या सोंगट्यांच्या सलग रस्त्याने जोडणारा जिंकतो. तिरकी जोडणी चालत नाही. पट ३×३ पासून ८×८ पर्यंतचा असतो. ५×५ च्या पटावर प्रत्येकाकडे २१ साध्या सोंगट्या व एक ‘कॅपस्टोन’ असतो. पहिल्या पाळीत प्रत्येक जण प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मांडतो. पुढे प्रत्येक पाळीला रिकाम्या घरात सोंगटी ठेवायची किंवा पटावरची हलवायची. आडवी सोंगटी रस्त्यात धरली जाते. उभी सोंगटी म्हणजे भिंत, ती वाट अडवते पण रस्त्यात मोजली जात नाही. कॅपस्टोन रस्त्यातही चालतो आणि एकटा पुढे सरकून भिंत आडवी पाडतो.

खेळाची खरी खोली चवडीत आहे. आडव्या सोंगटीवर चढता येते आणि ज्याची सोंगटी वर, त्याची ती चवड. चवडीतल्या जास्तीत जास्त पटाच्या रुंदीइतक्या सोंगट्या उचलून सरळ रेषेत न्यायच्या आणि वाटेतल्या प्रत्येक घरात तळाकडून किमान एक सोडायची. समजा, वर पांढरी व खाली दोन काळ्या अशा तीन सोंगट्या तीन घरे नेल्या, तर पहिल्या दोन घरांत काळ्याच उघड्या पडतात. कधी त्यांनीच प्रतिस्पर्ध्याचा रस्ता पुरा होतो! एकाच चालीत दोघांचे रस्ते जुळले, तर चाल करणारा जिंकतो.

पट भरला किंवा कोणा एकाच्या सोंगट्या संपल्या, तर वर दिसणाऱ्या आडव्या सोंगट्या मोजून निकाल लागतो. पहिल्या खेळाडूला मिळणारा फायदा भरून काढण्यासाठी या मोजणीत दुसऱ्याला काही सोंगट्यांची आगाऊ सूट देण्याची पद्धतही आहे.