एकाकी झाड आणि कॅमेऱ्याची चौकट : अजिंठा-औरंगाबाद परिसरातील एका दृश्यसंकेताचा इतिहास

'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. परंतु ती मुळात एका दृश्याविषयी आहे, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. झाडे नसलेल्या मुलखात एरंडाचे खुरटे झुडूपही वृक्ष म्हणून मिरवते, असा तिचा आशय असून याच आशयाचे सुभाषित संस्कृतातही आहे. एकट्या झाडाकडे पाहण्याची ही दृष्टी उपहासाची आहे. झाडाचे एकटेपण तिला उदात्त वाटत नाही. आजूबाजूच्या अभावाचे ते एक लक्षण आहे, इतकेच ती नोंदवते. याउलट आज कोणत्याही छायाचित्रप्रदर्शनात माळावरचे एकटे झाड दिसले की आपण गंभीर होतो. ते झाड आपल्याला 'एकाकी' वाटते. त्याच्या ठिकाणी आपण एक अंतर्मुख व्यक्तित्व कल्पितो. एरंडाच्या उपहासापासून या गांभीर्यापर्यंत आपण कसे आलो, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. तो पाहण्याच्या साधनांचा आणि त्या साधनांमागील सत्तेचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित भूभागापुरता, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यापुरता (२०२३ पूर्वीचा औरंगाबाद जिल्हा) आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेपुरता तपासला आहे.

या भूभागाच्या छायाचित्रणाचा आरंभ मेजर रॉबर्ट गिल याच्यापासून करावा लागतो. मद्रासच्या लष्करातील या अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमणूक झाली आणि पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य त्याने याच परिसरात काढले. त्याने लंडनला पाठवलेली बहुतेक तैलचित्रे १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. गिल आणि पारो यांची कथा ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेमुळे मराठी वाचकाच्या परिचयाची झाली. त्या कथेच्या प्रभावामुळे गिल आपल्याला चित्रकार आणि प्रेमिक म्हणूनच आठवतो. छायाचित्रकार गिल मात्र उपेक्षित राहिला. १८५० नंतरच्या दशकात त्याने कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. दोहोंचे विवेचन जेम्स फर्ग्युसनचे आहे. त्यांपैकी एक लेण्यांविषयी आहे. दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्गेतिहास यांची शंभर स्टिरिओस्कोपिक चित्रे आहेत.

या दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकातील विभागणी लक्षात घेण्यासारखी आहे. एकीकडे वास्तू, दुसरीकडे निसर्गेतिहास. निसर्गेतिहास म्हटला की तेथे प्रामुख्याने जनावर येते, आणि गिल हा नावाजलेला शिकारी होता. झाड या दोन्ही रकान्यांत बसत नाही. ते वास्तू नाही आणि शिकारही नाही. तरीही ते चित्रात येत राहते, कारण त्याच्यावाचून चित्र उभे राहत नाही. येथे स्टिरिओस्कोपच्या तंत्राचा थोडा विचार करणे भाग आहे. दोन डोळ्यांमधील अंतराएवढ्या अंतरावरून घेतलेली दोन चित्रे एका भिंगयंत्रातून पाहिली की खोलीचा भास होतो. परंतु हा भास जवळच्या वस्तूंच्या बाबतीतच प्रभावी ठरतो. दूरचा डोंगर दोन्ही चित्रांत जवळजवळ सारखाच दिसत असल्याने तो सपाटच राहतो. दख्खनच्या उघड्या पठाराला खोली द्यायची असेल, तर पुढे काहीतरी उभे असावे लागते : एखादा खांब, एखादा माणूस, किंवा एखादे झाड. झाडाला मजुरी द्यावी लागत नाही आणि ते जागेवरून हलत नाही. या चित्रांतील झाड असे कामाला लावलेले झाड आहे.

ते हलत नाही, हे विधान अर्थात अर्धेच खरे आहे. त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे. पाण्याची सोय आणि अंधारा तंबू जवळच हवा. प्रकाशनाचा कालावधी काही सेकंदांचा असे आणि तेवढ्यात वाऱ्याने पाने हलली की त्यांच्या जागी धुरकट डाग उमटे. टॅलबॉटने १८४२-४३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये घेतलेले ओकच्या झाडाचे प्रसिद्ध छायाचित्र हिवाळ्यातील, पानगळ झालेल्या झाडाचे आहे. एकट्या झाडाच्या छायाचित्रणाचा आरंभच अशा प्रकारे निष्पर्ण झाडापासून व्हावा, यात सौंदर्यदृष्टीइतकाच तांत्रिक सोयीचाही भाग असावा, असे मला वाटते. त्यातच कलोडियनला निळा रंग तीव्रतेने जाणवतो आणि हिरवा फारसा जाणवत नाही. परिणामी आकाश पांढरे फटक आणि झाड काळेभोर उमटते. प्रत्यक्षात धुळकट हिरवे असलेले, मागच्या शेताच्या रंगात मिसळून गेलेले कडुलिंबाचे झाड छायाचित्रात कोऱ्या आकाशावर कातरून लावल्यासारखे दिसते. रासायनिक अर्थानेच ते परिसरापासून तुटते. ज्याला आपण झाडाचे एकाकीपण म्हणतो, त्यातील निदान काही अंश या लेपाने निर्माण केलेला आहे.

उरलेला अंश चित्रकलेच्या संकेतांतून आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिल्पिनने रूढ केलेल्या 'रम्य दृश्या'च्या कल्पनेत चित्राच्या एका कडेला उभे असलेले गडद झाड जवळपास अनिवार्य होते. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळची चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा परिसर इंग्रज दर्शकाने याच व्याकरणातून पाहिला. छायाचित्रकाराने ते व्याकरण आयते उचलले; पण एक फरक पडला. चित्रकार झाड हवे तेथे लावू शकत होता. छायाचित्रकाराला झाड असेल तेथे स्वतःला जाऊन उभे राहावे लागे. म्हणजे दृश्याची जागा झाड ठरवू लागले. वरवर क्षुल्लक वाटणारा हा बदल माझ्या मते निर्णायक आहे. चौकटीच्या कडेला असलेले झाड पुढे केव्हातरी मध्यभागी आले, त्याची पूर्वतयारी येथे झाली.

मधल्या काळात झाडाला एक शत्रूही लाभला. पुरातत्त्वाच्या दृष्टीने भिंतीच्या सांध्यात रुजलेला पिंपळ हा उपद्रव होता. त्याची मुळे दगड उलवतात. रम्यतेच्या भोक्त्याला जो पिंपळ हवा होता, तोच सर्वेक्षकाला नको होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्जेस, कझन्स यांच्या पिढीने वास्तूची छायाचित्रे मोजमापाच्या शिस्तीत आणली. हैदराबाद संस्थानात १९१४ साली गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खाते सुरू झाल्यावर ही शिस्त आपल्या परिसरातही स्थिरावली. सहाव्या निजामाच्या आश्रयाला असलेले लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) या दोन टोकांच्या मध्ये उभे दिसतात. त्यांच्या संस्थानी दृश्यांत झाडे आहेत, पण ती दरबारातल्या मानकऱ्यांसारखी आपापल्या जागी, अदबीने उभी आहेत.

आता हेच झाड दुसऱ्या बाजूने पाहू. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत एकटे झाड आपोआप एकटे राहत नाही. ते कोणीतरी राखलेले असते. पिकावर सावली पडते आणि मुळे ओल ओढतात, म्हणून वावराच्या मध्यावरचे झाड शेतकरी सहसा ठेवत नाही. झाड टिकते ते बांधावर, विहिरीच्या थारोळ्याजवळ, गाडीवाटेच्या वळणावर किंवा पारावर. क्वचित ते मुंजाचे किंवा म्हसोबाचे असल्यामुळे कुऱ्हाडीपासून वाचते. प्रत्येक एकट्या झाडामागे अशी एक सामाजिक संहिता असते आणि ती संहिता नेमकी चौकटीच्या बाहेर पडते. शहरातील पाणचक्कीच्या हौदाकाठचा वड हे याचे उलट उदाहरण आहे. तो कितीही जुना आणि विशाल असला, तरी त्याला 'एकाकी' म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. कारण हौद, दर्गा आणि माणसे यांना वगळून त्याचे चित्र घेताच येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने दौलताबादजवळच्या कडुलिंबाचे एक छायाचित्र मला दाखवले होते. चित्र खरोखर सुंदर होते : नांगरलेली जमीन, आकाश आणि ते झाड. पुढे आम्ही त्या जागी गेलो. छायाचित्र जेथून घेतले त्या जागेपासून दहा पावले मागे सरकताच विहीर, मोटारपंपाची पेटी, विजेचा खांब आणि वाळत घातलेली धुणी दिसू लागली. शेतमालकाला चित्र दाखवून विद्यार्थ्याने 'एकटं झाड' असा उल्लेख केला, तेव्हा तो म्हणाला, "एकटं कसं काय सर? दोघा भावांचं हाय ते. वाटण्या झाल्या तवा बांधावर आलं, म्हणून ऱ्हायलं." त्या विद्यार्थ्याला चूक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. छायाचित्र हे चिन्हमीमांसेच्या परिभाषेत निर्देशक चिन्ह आहे. जे होते त्याचा ठसा त्यात असतो आणि बार्थने छायाचित्राचे सगळे सामर्थ्य याच 'होते'पणात पाहिले. परंतु झाड होते एवढेच छायाचित्र सिद्ध करते. ते एकटे होते हे सिद्ध करत नाही. एकटेपण ठशात नसते, ते कडांमध्ये असते.

मराठी कवितेशी तुलना केली की हा भेद अधिक स्पष्ट होतो. बालकवींचा 'औदुंबर' ही एका झाडाविषयीची बहुधा सर्वाधिक चर्चिली गेलेली मराठी कविता होय. ती शुद्ध निसर्गचित्र की उदासीनतेचे प्रतीक, हा वाद आपल्या समीक्षेत पुनःपुन्हा झाला. त्या वादात एक साधी गोष्ट मागे पडली असे वाटते. ही आठ ओळींची कविता झाडापासून सुरू होत नाही. दृष्टी दूरच्या टेकडीवरून, गावावरून, शेतांवरून आणि पायवाटेवरून येत येत शेवटी झाडापाशी थांबते. म्हणजे झाडाला माणूसपण येण्यापूर्वी त्याचा सगळा शेजार कवितेत येऊन गेलेला असतो. छायाचित्र वजाबाकीने एकटेपण मिळवते. येथे ते बेरजेच्या शेवटी येते. आपण मात्र 'औदुंबर' वाचताना पहिल्या ओळी पार्श्वभूमी म्हणून ओलांडतो आणि झाड तेवढे कापून घेतो. म्हणजे कविता कॅमेऱ्याने वाचतो. बालकवींचे जन्मगाव धरणगाव हे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, खानदेशात आहे. पळसखेड्याचे महानोर हे तर स्वतः शेती करणारे कवी. त्यांच्या 'रानातल्या कविता'मध्ये (१९६७) झाड हे रानाचे, पिकाचे आणि माणसाच्या देहाचेही नातलग म्हणून येते. तेथे प्रेक्षकाला उभे राहायला वेगळी जागाच ठेवलेली नाही.

हा सगळा ऊहापोह केवळ सौंदर्यशास्त्राचा असता तर येथेच थांबता आले असते. परंतु एकट्या झाडाच्या संकेताचा या प्रदेशात सर्वाधिक वापर झाला तो दुष्काळाच्या छायाचित्रांत. भेगाळलेली जमीन आणि वर एक निष्पर्ण झाड : मराठवाडा म्हटले की वृत्तपत्रांना हे चित्र आठवते. हे चित्र एका ठोस अर्थाने असत्य आहे. अजिंठ्याच्या डोंगरातील जंगल शुष्क पानगळीचे आहे. साग, सालई, पळस ही झाडे उत्तम पावसाच्या वर्षीही उन्हाळ्याकडे झुकताना पाने गाळतात. पळस तर निष्पर्ण असतानाच फुलतो. म्हणजे एप्रिलमधील उघडे झाड हा दुष्काळाचा पुरावा नव्हे, तो ऋतूचा पुरावा आहे. इंग्लंडमधील हिवाळ्याच्या ओकने जो विषण्ण भाव छायाचित्रणाला दिला, तोच आपण विचार न करता आपल्या वसंतावर लादला.

शिवाय या चित्रात माणूस नसतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो माणसे खडी फोडायला, नालाबांधाच्या कामांवर गेली. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा त्या अनुभवातून आकाराला आला. त्या दुष्काळाची खरी प्रतिमा गर्दीची आहे, त्यातही पाट्या वाहणाऱ्या बायकांची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा प्रश्न पावसाचा होता तसा धरणांतील पाण्याच्या वाटपाचा, उसाचा आणि बोअरवेलचाही होता. निष्पर्ण झाडाचे चित्र हे सारे प्रश्न आकाशावर ढकलते. त्याच्यापुढे हळहळता येते. कोणाला जाब विचारता येत नाही. उदात्ततेचा हा राजकीय उपयोग गिलच्या काळी कोणाच्या मनातही नसेल, पण त्यासाठी लागणारी रिकामी चौकट तेव्हाच तयार झाली होती.

गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला त्याचे दफन झाले. त्याची आणि दीनदयाळांची छायाचित्रे आजवर वास्तूंसाठी पाहिली गेली : लेण्याचा कोणता खांब तेव्हा शाबूत होता, किल्ल्याची कोणती भिंत तेव्हा उभी होती. त्यांच्या कडांवरील झाडांची नोंद कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वड की पिंपर, चिंच की कडुलिंब, झाड रस्त्याच्या कोणत्या अंगाला आणि विहिरीपासून किती अंतरावर, एवढे जरी वाचता आले तरी एकोणिसाव्या शतकातील गाडीवाटा, बांध आणि पार यांचा काहीएक नकाशा मांडता येईल. त्या वाटांपैकी काहींचे आज चौपदरी रस्ते झाले असून त्यांच्या कडेची झाडे गेली आहेत. ती शोधायची तर चित्राच्या मध्यापासून नजर काढून कडांकडे न्यावी लागेल, आणि कित्येक प्रतींत नेमक्या त्याच कडा पिवळ्या पडून विरत चालल्या आहेत.