मागच्या दारानं बिल्टमोर

माझी आजी गावातल्या इनामदारांच्या वाड्यावर कामाला जायची. दिवाळीआधी आठ दिवस समया आणि लामणदिवे चिंचेनं घासून लख्ख करायचे, हे तिचं काम. पण दिवे लागायच्या वेळेला ती मागच्या दारानं घरी निघायची. वाडा दिव्यांत कसा दिसायचा, असं विचारलं की एवढंच म्हणायची, “लांबनं बघितलाय रे.”

२०२४च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलजवळ, बिल्टमोरसमोर उभा असताना मला हे आठवलं. कंपनीनं शार्लटला पाठवलं होतं. तिथून दोन-अडीच तासांचा ड्राइव्ह. हिरवळीवर ५५ फुटी स्प्रूसचं झाड दिव्यांनी भरलेलं, आणि मागे दगडी वाडा. मोबाइलवर तिकीट होतं. मी पुढच्या दारानं आत जाणार होतो.

वाडा बांधला जॉर्ज व्हँडरबिल्टनं. आजोबांनी जहाजं आणि रेल्वेत अफाट पैसा कमावला. नातू रमला पुस्तकांत आणि प्रवासात. १८८९ साली काम सुरू झालं. आर्किटेक्ट रिचर्ड मॉरिस हंट, म्हणजे स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा चौथरा ज्यानं डिझाइन केला तोच. सामान आणायला तीन मैलांची खासगी रेल्वे टाकली. विटांची भट्टी जागेवरच, दिवसाला ३२,००० विटांची. २५० खोल्या, ६५ फायरप्लेस, ४३ बाथरूम. अमेरिकेत विजेचा दिवा ही नवलाई होती तेव्हा इथे वीज आणि लिफ्ट होती. १८९५च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, २४ डिसेंबरला, तेहतीस वर्षांच्या अविवाहित जॉर्जनं नातेवाइकांसाठी घर उघडलं. आजची सजावट त्याच संध्याकाळची आठवण जागवते.

बँक्वेट हॉलचं छत ७० फूट उंच. दरवर्षी तिथे ३५ फुटी फ्रेझर फर उभा करतात. हे झाड इथल्याच डोंगरांतलं. मेणबत्त्या, पेटलेल्या शेकोट्या, कुठेतरी चाललेलं गाणं. मीही सगळ्यांसारखा मान वर करून फोटो काढत राहिलो.

मग जिना उतरून तळघरात गेलो आणि तिथेच रेंगाळलो. इथे मुख्य स्वयंपाकघर, बेकरीच्या कामाचं वेगळं, मांस भाजायचं वेगळं. कपडे धुण्याची आणि वाळवण्याची खोली, अन्न थंड ठेवायच्या खोल्या. नोकरांना बोलवायला विजेच्या घंटांची यंत्रणा होती: वर कुणी बटण दाबलं की कुठल्या खोलीतून बोलावणं आलंय ते खाली कळायचं. मी सॉफ्टवेअरवाला, रात्री दोनला सर्व्हर पडल्याचा अलर्ट मलाही येतो. पण माझ्या अलर्टला पगार आणि सुट्टी जोडलेली आहे. मोलकरणींच्या खोल्या पार चौथ्या मजल्यावर होत्या. म्हणजे झोपायचं सगळ्यात वर आणि राबायचं सगळ्यात खाली.

मालक दुष्ट होते असं नाही. पहिल्याच नाताळात कामगारांच्या कुटुंबांनाही बोलावून भेटी दिल्या होत्या. १८९८ साली लग्न होऊन आलेली एडिथ तर कामगारांच्या मुलांना काय दिलं याची नोंद ठेवायची. पण सजावटीत न दिसणारी गोष्ट आणखी मागे जाते. या इस्टेटीसाठी घेतलेल्या जमिनीवर शायलो नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. गुलामगिरी संपल्यावर त्या माणसांनी तिथे जमीन आणि चर्च उभं केलं होतं. व्हँडरबिल्टच्या माणसानं जमिनी विकत घेतल्या. वस्ती उठली, चर्च आणि कबरीसुद्धा हलवल्या. पैसे मिळाले हे खरं. तरी आपल्या माणसांची कबर उकरून दुसरीकडे नेण्याची किंमत कुठल्या खरेदीखतात लिहिता येते? शायलो अ‍ॅशव्हिलच्या दक्षिण भागात आजही आहे.

हा वाडा लोकांसाठी खुला झाला १९३० साली. महामंदीत शहरात पर्यटक यावेत म्हणून. तेव्हापासून वाड्याची रोषणाई ही शहराची रोजीरोटीही आहे. मी गेलो त्या वर्षी हे फार जवळून दिसलं. सप्टेंबरअखेरीस हेलेन वादळानं अ‍ॅशव्हिल बुडालं होतं. २ नोव्हेंबरला बिल्टमोर पुन्हा उघडलं, झाडं सजली. शहरातल्या नळांना पिण्याजोगं पाणी मात्र १८ नोव्हेंबरला आलं. म्हणजे दोन आठवडे इथे दिवे होते आणि घराघरांत पाणी उकळत होतं. याचा राग यावा की बरं वाटावं, मला कळेना. कारण पर्यटक आले नसते तर हॉटेलात चादरी बदलणाऱ्यांचा महिना कसा निघाला असता?

बाहेर येऊन आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिथे पहाट झाली होती, ती चहा घेत बसली होती. मी फोन फिरवून दिव्यांतला वाडा दाखवला. झाडं, कमानी, दारावरची तोरणं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग स्क्रीन डोळ्यांजवळ नेत म्हणाली, “लई मोठाय रे. एवढं सगळं घासतंय कोण?”

मी तिला तळघरापासून सांगायला सुरुवात केली.