खडखडाट चाकाचा की ब्रेकचा?

वापरलेली मोटार घरी आणल्यावर काही दिवसांतच पुढच्या चाकातून खडखड ऐकू येऊ लागते. बहुतेक जण सस्पेन्शनवर संशय घेतात आणि शॉकअॅब्सॉर्बर बदलण्याचा खर्च करून बसतात. ब्रेकचा एखादा भाग सैल आहे का, हे त्याआधी तपासायला हवे, आणि ही तपासणी फुकट होते. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, बारीक खड्ड्यांवरून जाताना ब्रेकच्या पेडलवर पाय अलगद ठेवावा. खडखड तत्क्षणी थांबली, तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपर हलत असण्याचा संभव अधिक. कारण दाब येताच पॅड डिस्कला घट्ट बिलगतात.

पॅड जागेवर धरून ठेवणाऱ्या पोलादी क्लिप स्वस्त असतात. तरीही पॅड बदलताना त्या पुन्हा न बसविण्याचा आळस काही गॅरेजमध्ये केला जातो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या झिजल्या तरी असाच आवाज येतो. खडखडीऐवजी सतत घासल्याचा आवाज येत असेल, तर डिस्कमागचा पातळ पत्रा वाकलेला असू शकतो. हा दोष किरकोळ होय.

कॅलिपरचा बोल्ट सैल झाला असेल वा गळून पडला असेल, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. सुटलेला कॅलिपर रिमवर आदळून चाक अडकू शकते. अशी मोटार गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, मेकॅनिकलाच बोलवावे. चाक स्वतः उतरवायचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये, खाली स्टँड लावावा. बोल्टही अंदाजाने न आवळता उत्पादकाने ठरवून दिलेल्या टॉर्कनुसारच आवळावा.