भोंगा, खाणावळ आणि पाव

रमजान जवळ आला की आमच्या मोहल्ल्यात घराघरांतल्या बाजेवर शेवया वाळत पडायच्या. एक बाई यंत्राचा दांडा फिरवायची, दुसरी खालून शेवया झेलायची. आता ईदला दुकानातून पाकीट येतं. जुनी माणसं म्हणतात, ‘आजकालच्या बायकांना कष्ट नकोत.’ बायका म्हणतात, ‘वेळ कुठंय?’ हा वेळ गेला कुठे, हे समजून घ्यायचं तर मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहावा लागतो.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी कोकणातून आणि घाटावरून माणसं येऊ लागली. गावात जेवणाची वेळ शेतातलं काम ठरवायचं, इथं ती गिरणीचा भोंगा ठरवू लागला. बायका-मुलं गावी राहिली. एका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपायचे. अशा खोलीत चूल मांडणार कोण?

ही गरज खाणावळीने भागवली. गिरणगावातल्या बाया आपल्याच चुलीवर कामगारांसाठी रांधू लागल्या. पैसे महिन्याने पगाराला मिळायचे, धान्य मात्र आधी भरावं लागे. त्यापायी बाया वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात अडकत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं करून या बायांना संघटित केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. शहराला तयार जेवण पुरवणाऱ्या या श्रमाची दखल घ्यायला इतका काळ जावा लागला.

खाणावळीत निदान बसून जेवता येत होतं. पावाने तीही गरज संपवली. पोर्तुगीजांसोबत आलेला हा पाव मुंबईत रुजवला तो गोव्याच्या ख्रिस्ती, इराणी आणि उत्तरेतून आलेल्या मुस्लिम कारागिरांनी. त्यांच्या भट्ट्या पहाटेच पेटत. पावाला ना चूल लागते, ना ताट. 1966च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. लोकल पकडणाऱ्याच्या हातात मावेल असं जेवण शहराला मिळालं.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. अनेकांना पुन्हा काम मिळालंच नाही. भोंगे थांबले, पण घाई थांबली नाही. त्याच दशकात झटपट नूडल्सची पाकिटं घरात शिरली. बाई नोकरीला बाहेर पडली, तरी स्वयंपाकघर तिच्याच नावावर राहिलं. भोंगा आता तिच्या घरात वाजत होता.

पाकिटातल्या मिठा-तेलाची काळजी करायलाच हवी. पण दोष द्यायचा तर तो एकट्या बाईला कसा देणार? माणसाचा वेळ आधी कामाने घेतला, पाकीट त्यानंतर आलं.

मलाही ते शेवयांचं यंत्र आठवतं. त्याभोवतीचं हसणं आठवतं, तसे दांडा फिरवून भरून आलेले हातही आठवतात. तो दांडा कधी एखाद्या पुरुषाने फिरवल्याचं मात्र आठवत नाही. घरच्या शेवया पुन्हा हव्या असतील, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.