कामगारभरती, बऱ्हाणपूर

उद्योगाला लागणारी माणसे शोधणे, पारखणे व कामावर रुजू करून घेणे म्हणजे कामगारभरती. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात (मध्य प्रदेश) ती मुख्यतः कापडधंद्याच्या रीतीने चालत आली आहे. मुघलकाळापासून हे विणकरांचे शहर. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने येथून इराण-तुर्कस्तानकडे जाणाऱ्या कापडाची नोंद केली. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातील मोमीन विणकर मालेगाव, भिवंडीप्रमाणे येथेही येऊन स्थायिक झाले. धंदा घराण्यात असल्यामुळे कारागीर घरातच घडतो आणि ओळखीनेच कामाला लागतो.

यंत्रमागाच्या शेडमध्ये जाहिरात किंवा अर्ज क्वचितच असतो. माणूस हवा असल्याचे मालक जुन्या कारागिराच्या कानावर घालतो. तो भाऊ, भाचा किंवा शेजारी घेऊन येतो. मुलाखत मागावरच होते. धोट्यातील कांडी संपताच माग थांबवून नवी घालणे, ताण्याचा तुटलेला धागा शोधून गाठ मारणे, तो फणीतून ओवून माग पुन्हा सुरू करणे, यांत हात किती सराईत आहे हे दिसते. विणलेल्या कापडातला दोष उरलेले सांगतो. कारागिरी पारखण्याची याहून चोख रीत नाही. पण मीटरमागे मजुरी ठरते ती तोंडी. हाती कागद नसल्याने, वाद झाल्यास आपण तेथे कामाला होतो हे सिद्ध करणेही कामगाराला जड जाते. या पद्धतीतला हा खरा अन्याय आहे.

कापड गिरण्यांत पूर्वी भरती जॉबरच्या (मुकादमाच्या) हाती असे. पाळी सुरू होताना दारापाशी जमलेल्यांतून तो माणसे निवडी आणि त्यासाठी दस्तुरी घेई. १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरचे हे अधिकार काढून कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. गिरण्यांतली दुसरी प्रथा बदलीची : मस्टरवर नाव असलेला गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता बदली कामगार. कायम होण्याच्या आशेवर माणसे वर्षानुवर्षे बदलीच राहत. औद्योगिक विवाद कायद्याने सलग वर्षभर काम केलेल्या बदलीला निदान ले-ऑफच्या भरपाईपुरते बदली न मानण्याचे ठरवले. बऱ्हाणपूरची ताप्ती मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तीही थांबली.

जिल्ह्यातील नेपानगरचा वृत्तपत्र-कागदाचा कारखाना (नेपा लिमिटेड) २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला. अशा सरकारी उद्योगांना १९५९ च्या कायद्यानुसार रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्या लागत. खासगी क्षेत्रात हे बंधन २५ किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना होते. कार्यालयाने पाठवलेलाच उमेदवार घ्यावा अशी सक्ती मात्र कोणावरच नव्हती. केवळ कार्यालयाच्या यादीवर विसंबू नये, जाहिरातही द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले, आणि नाव न नोंदवलेल्यांनाही संधी मिळाली.

नियुक्तिपत्र देणे मालकाचे कर्तव्य ठरवणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिची व्याप्ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती आहे. चार-सहा कामगारांच्या शेडमधला विणकर तिच्या बाहेरच राहतो. कागदाची सर्वाधिक गरज त्यालाच आहे. मजुरीची नोंद असलेली, मालकाच्या सहीची वही त्याने आपल्याजवळ ठेवावी, आणि ती त्याला मिळेल एवढे विणकर संघटनांनी पाहावे.