दाताचे पाणी: वैरी की आधार?

किडलेला भाग कोरून काढल्यावर दंतवैद्य त्या खळग्यात दाताच्या रंगाचे रेझीन भरतात. ते किती टिकेल, हे बऱ्याच अंशी चिकटवण्याच्या क्षणी दात किती ओला होता यावर अवलंबून असते. ही साधी वाटणारी गोष्ट उमगायला जवळजवळ चार दशके लागली.

आरंभ १९५५ चा. अमेरिकी दंतवैज्ञानिक मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या बाह्य आवरणावर, म्हणजे एनॅमलवर, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले. आम्लाने पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत झाला आणि ॲक्रिलिक रेझीन त्यात घट्ट रुतले. एनॅमल जवळजवळ संपूर्ण खनिजाचे. ते जितके कोरडे तितकी पकड पक्की. साहजिकच ‘धुवा, वाळवा, चिकटवा’ हा शिरस्ता पडला.

एनॅमलखालचे डेंटिन मात्र निराळ्या जातीचे. वजनाने त्यात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी असते. त्यातील असंख्य सूक्ष्म नलिकांमधून आतला द्रव बाहेर झिरपू पाहतो. येथे जुना शिरस्ता अपुरा पडू लागला. कारण डेंटिनच्या सेंद्रिय भागात दडले होते, आणि तो भाग बहुतांशी कोलॅजेनचा असतो.

या कोलॅजेनची रचना उलगडण्याचे काम त्याच काळात मद्रासमध्ये चालले होते. मद्रास विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये ‘नेचर’मधून कोलॅजेनची तीनपदरी रचना मांडली: एकमेकींभोवती पीळ घेतलेल्या तीन साखळ्या. पुढे १९६८ साली रामचंद्रन आणि आर. चंद्रशेखरन यांनी सुचवले, की या साखळ्यांना जोडणाऱ्या हायड्रोजन बंधांत पाण्याचे रेणूही दुव्याचे काम करतात. पाणी कोलॅजेनला केवळ भिजवत नाही, ते त्याच्या बांधणीत सामील असते. या संशोधनाचा दंतवैद्यकाशी तेव्हा काहीच संबंध नव्हता.

१९८२ मध्ये जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवले, की आम्लाने उघड्या पडलेल्या डेंटिनमध्ये रेझीन झिरपून घट्ट झाले, तर दात आणि रेझीन यांचा एक संमिश्र थर तयार होतो. पकड त्या थरामुळे येते. मग तो थर नेहमीच नीट का बनत नाही?

उत्तर भौतिकशास्त्राचे होते. आम्ल खनिज विरघळवते, तेव्हा उरलेले कोलॅजेनचे जाळे पाण्याच्या आधाराने तरंगत राहते. हवेच्या झोताने पाणी उडाले, की केशिका बल तंतूंना एकत्र खेचते. पाण्याशी असलेले हायड्रोजन बंध मग तंतू आपापसांत जुळवतात. जाळे कोसळते, रेझीनच्या वाटा मिटतात. १९९२ मध्ये जॉन कांका आणि ए. जे. ग्विनेट यांच्या प्रयोगांतून दिसले, की डेंटिन ओलसर ठेवल्यास पकड अधिक बळकट होते. रेझीन ॲसिटोनमध्ये मिसळलेले असेल, तर ॲसिटोन पाण्याला हुसकावत रेझीनला जाळ्यात आत नेते.

पण ओलसर म्हणजे चिंब नव्हे. पाणी जास्त राहिले तर रेझीन त्यापासून विलग होऊन थेंबांत फुटते, आणि थरात पोकळ्या राहतात. सुरुवातीला पक्का वाटणारा सांधाही पुढे पाण्यानेच झिजतो: रेझीनचे बंध जलविघटनाने तुटतात, आणि रेझीनविना उघडे राहिलेले कोलॅजेन डेंटिनमधील विकरे खातात. दातातच खनिज न धुता काम करणारे, स्वतः आम्लधर्मी असलेले नंतरचे चिकटद्रव्यही पाण्यावाचून चालत नाहीत. त्यांचे आम्ल आयनरूप होण्यासाठी पाणी लागतेच.

म्हणून आज दंतवैद्य खळगा खडखडीत वाळवण्याऐवजी हलकेच टिपतात आणि पृष्ठभागावर ओली चकाकी राखतात, अर्थात ते चिकटद्रव्य तसे मागत असेल तरच. त्या काही सेकंदांत किती पाणी ठेवायचे आणि किती काढायचे, हे नीट साधले नाही, तर भरण लवकर सुटते, फटीत पुन्हा कीड शिरते आणि दात आणखी कोरावा लागतो. कोलॅजेनला पाण्याची गरज किती, हा मद्रासमध्ये विचारलेला प्रश्न दवाखान्याच्या खुर्चीत रोज नव्याने सोडवावा लागतो.