द्राक्ष निर्यात : लहान बागायतदार, प्लॉट नोंदणी आणि उर्वरित अंश

नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या भागांतून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत दोन-चार एकरांच्या बागांचा मालही असतो. त्यासाठी प्रत्येक प्लॉटची कृषी विभागाकडे दर हंगामात नोंदणी करावी लागते. ही माहिती अपेडाच्या 'ग्रेपनेट' प्रणालीत जाते आणि पेटीवरून माल कोणत्या प्लॉटचा हे शोधता येते. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा प्रतिनिधी स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्यास त्या प्लॉटचा माल युरोपला जात नाही.

२०१० च्या हंगामात मात्र तपासणी होऊनही माल युरोपात अडकला. कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या ओळखीचे 'लिहोसीन'. येथील तपासणीच्या यादीत ते नव्हते. तिकडे मात्र तपासले गेले. अनेकांचे पैसे निर्यातदारांकडे थकले. हे वाढरोधक फळावर मारत नाहीत. खरड छाटणीनंतर शेंडावाढ थांबून काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वापरतात. पण ते वेलीत साठून राहते आणि काही महिन्यांनी, फळछाटणीनंतरच्या मण्यांत उतरते. म्हणून फवारणीची नोंद ऑक्टोबरपासून नव्हे, एप्रिलच्या खरड छाटणीपासून ठेवावी. औषधाचे नाव, त्यातील घटक, मात्रा, तारीख आणि कारण त्याच दिवशी लिहावे. हंगामाच्या शेवटी आठवून भरलेली वही कामाची नाही.

ज्या घटकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. शेजारच्या बागेतून उडून आलेली फवारणी किंवा नीट न धुतलेला पंपही एवढ्या अंशाला पुरतो. वापरायच्या औषधांची यादी आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या पत्रकातूनच पाहावा. दुकानदाराच्या सल्ल्यावर जाऊ नये.

एका कंटेनरला दहा टनांहून अधिक, एकसारख्या मण्यांचा माल लागतो. एक एकरातून तो एका वेळी निघत नाही, म्हणून गट करणे सोयीचे पडते. ग्लोबलगॅप प्रमाणपत्रही गटाने घेता येते. मात्र गटातील एकाची चूक सर्वांना भोवू शकते, म्हणून वह्या आपसांत तपासाव्यात.

व्यवहार ठरवताना आपण भावावर तासभर बोलतो आणि नाकारलेल्या मालाचा विषय राहून जातो. काढणीनंतर माल नाकारला गेला तर नुकसान कोणाचे, आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे काढणीपूर्वीच लेखी घ्यावे.